मागे वाकणारे गुडघे

गळिताचा हंगाम सुरू झाला की आमच्या प्रवरेकाठच्या हवेत उकळत्या रसाचा वास इतका दाट भरतो की सकाळच्या चहात साखर टाकायची गरज उरत नाही. कुत्रीसुद्धा त्या दिवसांत हवा चाटत हिंडतात. कोल्हारच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, आणि खालची नदी यातल्या कुठल्या गाण्यावर वाहावं ते न कळून थबकल्यासारखी दिसते. या वासानं कुणाला ऊस आठवतो, कुणाला कारखान्याचा भोंगा. मला गुडघे आठवतात. एकाच माणसाचे दोन.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा तो. विहिरी भरलेल्या होत्या, ऊस बैलगाडीतून कारखान्यावर जायचा आणि वाटेत गाडीमागे लोंबकळून कांडं ओढणं हा सगळ्या वयाच्या माणसांचा व्यायाम होता. पुढच्या वर्षी आभाळ पाठ फिरवणार आहे याची खबर कुणाला नव्हती. असती तरी ती आम्ही ऐकली नसती, कारण गावात हुतूतू शिरला होता. सामन्याच्या फळ्यावर कबड्डी लिहीत, तोंडात मात्र हुतूतूच. नदीकाठच्या पडीक रानातली माती आम्ही चाळली, तिच्यावर पाणी शिंपडलं, पायांनी तुडवली. मैदान असं मऊ झालं की त्यावर पडलेल्या माणसाला उठावंसं वाटत नसे. आमच्या उजव्या कोपऱ्याचा गडी एकदा पकडीत पडला तो तिथंच झोपी गेला. आम्ही घरी जाऊन, भाकरी खाऊन परत आलो, तर त्याच्या मिशीवर दव साचलं होतं.

ओल्या मातीचा तो थंडगार वास, उघड्या पाठींवरून निघणारी वाफ, लंगोट्यांना चिकटलेली रेषांची चुन्याची फक्की. हे आठवायला काही कष्ट पडत नाहीत. आठवणीत थंडी नेहमी खऱ्यापेक्षा जास्त असते, आणि त्या वर्षी तर शब्द तोंडाबाहेर पडून गोठायचे; चढाई करणाऱ्याचा दम पंचाला ऐकू येईपर्यंत गडी परत आलेला असायचा.

संघ निवडायचं काम दगडूआप्पांचं. आप्पा जन्मात हुतूतू खेळले नव्हते. ते बैल पारखायचे. लोणीच्या बाजारात ते शिरले की दावणीचे बैल पोट आत घेऊन उभे राहत, असं मी स्वतः पाहिलंय. चार तालुक्यांतले लोक बैल घ्यायला निघताना आधी आप्पांकडे यायचे. त्यांचा एक नेम होता. जनावराची खोड कुणाच्या कानात सांगायची नाही. विचारलं तर चारचौघांत, मोठ्यानं, विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायची. त्यामुळे आप्पांचे मित्र कमी होते आणि शब्दाला वजन फार होतं.

आमची पारखही त्यांनी तशीच केली. ओळीनं उभं केलं. दात पाहिले. पाठीवर थाप मारून कातडी किती थरथरते ते पाहिलं. ओल्या मातीतून चालवलं, मग पळवलं, मग खांद्यावर पोतं देऊन पुन्हा चालवलं. एकाला शेपूट नसल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण बराच वेळ ते त्याच्या मागे उभे होते. माझी मान आखूड. आखूड मानेचं जनावर धरलेलं सोडत नाही म्हणून मला डाव्या कोपऱ्यावर टाकलं. सगळ्यात शेवटी सायबू आला.

सायबू माझा चुलतभाऊ. माझ्याच वयाचा, अंगानं शेवग्याची शेंग. कारखान्यात रोजंदारीवर गव्हाणीत, म्हणजे ऊस चरकाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, उसाच्या मोळ्या टाकायचा. हंगाम संपला की काम संपलं. नुकतंच लग्न झालं होतं आणि सासरे जावयाला भेटले की तब्येत विचारायच्या आधी कायम कधी होणार ते विचारायचे. तर हा सायबू सरळ उभा राहिला की त्याचे गुडघे सरळ होऊन थांबत नसत. आणखी मागे जात, ताणलेल्या धनुष्यासारखे. बाजूनं पाहिलं तर पोरगा येतोय की जातोय ते समजायचं नाही. समोरून पाहिलं तर दोन्ही गुडघे एकमेकांशी काही खासगी बोलत असल्यासारखे आत झुकलेले. हाताचा अंगठा तो मनगटाला आतून टेकवायचा, आणि कोपरं अशी उलटी करायचा की लहान पोरं रडत आपापल्या आईकडे पळायची.

आप्पांनी त्याला दोनदा वळवून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत लोणीच्या बाजारातला उजेड आला. आम्हाला जवळ बोलावून ते म्हणाले, "बैलाचा मागला गुडघा कुनीकडं वाकतो रं? मागं. बैलाचं बळ कशात? मागल्या पायात. ह्या एकल्याला देवानं बैलाचा गुडघा दिलाय. ह्यो चढाईला."

कुणालाही यात काही चुकीचं दिसलं नाही. आम्ही सगळे जन्मल्यापासून बैलांच्या मागेच चालत आलो होतो. समोर रोज दिसणारी गोष्ट खरी नसेल असं वाटायला शिक्षण लागतं, आणि ते आमच्यात कुणाकडे फारसं नव्हतं.

आणि मजा अशी की तो चाललाही बैलासारखाच. काय त्याचे पाय जायचे. मध्यरेषेजवळ उभा राहून पाय टाकायचा आणि मागच्या गड्याच्या अंगठ्याला अंगठा लावून यायचा. घोटा धरला तर पाय मुठीतून मासळीसारखा सुटायचा, कारण तो कुठूनही कुठंही वाकायचा. राहुरीकडच्या एका संघानं सामना हरल्यावर त्याचे पाय खरे आहेत की रबरी ते हात लावून पाहायची परवानगी मागितली. बेलापूरच्या एका गड्यानं त्याला गाठायला उडी मारली, सायबू बाजूला झाला आणि तो गडी थेट मैदानाबाहेरच्या विहिरीत गेला. कुणाला शंका असेल तर विहीर अजून आहे.

मागच्या वर्षी माझाच गुडघा दाखवायला नगरला गेलो होतो. डॉक्टर म्हणजे एक मुलगी, माझ्या नातीएवढी. टेबलावर तिनं प्लास्टिकचा गुडघा ठेवला होता, बिजागरीसारखा उघडणारा. माझं दुखणं म्हातारपणाचं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं; पण मी चौकशा करतोय म्हटल्यावर तिनं तो गुडघा उघडला. आत दोन दोऱ्या, एकमेकींवर फुली मारलेल्या. पुढची दोरी नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय वळताना सांधा जागेवर धरते. खेळणाऱ्यांची तुटते ती बहुतेक हीच. आणि सगळ्यांची सारखी तुटत नाही, आजोबा, म्हणाली. काहींच्या मांडीच्या हाडातली खाच, जिच्यातून ही दोरी जाते, ती मुळातच अरुंद असते. दोरी बारीक राहते, वळताना काठाला घासते. काहींच्या नडगीचा माथा मागच्या बाजूला जास्त उतरता असतो, वजन पडलं की वरचं हाड घसरगुंडीवरून घसरावं तसं मागे सरकतं. काहींचे गुडघे आत झुकलेले, काहींचे मागे जाणारे, काहींचे सगळे सांधेच सैल. मुलींच्यात धोका अधिक. त्यांची कंबर रुंद, मांडी वरून तिरकी येते. हे एकेक असलं म्हणजे दोरी तुटेलच असं नाही. पण दोन-चार एकत्र आले की मैदानावर पाऊल टाकायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं.

ती बोलत होती आणि तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या गुडघ्यावर मला लाल माती दिसत होती.

माणूस आपल्या अंगात भाडेकरूसारखा राहतो. भिंतीत कुठे पोकळी आहे, तुळई कुठे बारीक आहे, ते घर बांधणाऱ्याला माहीत. राहणाऱ्याला छप्पर खाली आल्यावर कळतं. परवा शिर्डीच्या एका शाळेत मुलींचा कबड्डीचा सराव पाहिला. मॅटवर. त्यांचे मास्तर त्यांना चढाई शिकवत नव्हते, उडी मारून खाली कसं यायचं ते शिकवत होते: गुडघे वाकवून, आत पडू न देता, मांजरासारखं. तासभर नुसतं खाली येणं. आमच्या वेळी वर जाण्याचंच कौतुक होतं. खाली काय, माणूस कसाही येतोच.

त्या हिवाळ्यात सायबूच्या पायांची कीर्ती कोपरगावपर्यंत पोचली. माघात तिथं सामने होते, आणि कारखान्याचे खेळाचे साहेब आपल्या संघासाठी गडी उचलायला येणार होते. जो उचलला जाईल तो वजनकाट्यावर कायम. सायबू मोळ्या टाकता टाकता वजनकाट्याच्या खोलीकडे बघायचा. तिथं खुर्ची होती, पंखा होता. थंडीतही त्याला पंख्याचं अप्रूप वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सराव चालला होता. सायबू चढाईला आला, माझ्या खांद्याला बोट लावलं आणि परत फिरायला उजव्या पायावर वळला. त्याला कुणीही हात लावला नव्हता. मी सगळ्यात जवळचा, तरी हातभर लांब. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज आला आणि तो खाली बसला.  आपल्या पायाकडे असा बघत राहिला जणू तो कुणीतरी चुकून तिथं ठेवून गेलंय.

संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. गावात चर्चा एकच, की हात न लावता गडी मोडतो कसा. दृष्ट लागण्यापासून भुतापर्यंत सगळी कारणं येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी आपल्या गोठ्यासमोर गोवऱ्यांचा जाळ केला आणि त्यात विळा ठेवला. लंगडणाऱ्या बैलाला डाग देतात, तसा सायबूच्या गुडघ्याला द्यायचा. सायबूला आम्हीच दोघांतिघांनी उचलून आणलं होतं. तोही तयार होता; माघ जवळ येत होता. बायको पारू मात्र सकाळपासून घरात नव्हती. विळा लाल झाला तेव्हा ती आली, ढोरांच्या दवाखान्यातल्या सय्यद डॉक्टरांच्या सायकलमागे जवळजवळ पळत. पदर कमरेला खोचलेला. आप्पांसमोर नवी सून शब्द काढत नसे. ती म्हणाली, "आप्पा, मानूस हाय माजा. खोंड न्हाई."

माणसांचा डॉक्टर सोडून तिनं ढोरांचा का आणला ते मला नंतर समजलं. आप्पा त्या काळात एकाच डॉक्टरचं ऐकायचे.

सय्यद डॉक्टर गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ. आधी म्हणाले, मी माणसाला हात लावला असं कुठं बोलायचं नाही. मग सायबूचा पाय वाकवून त्याच्या पावलावर स्वतः बसले आणि दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढली. टेबलाचा खण यावा तशी ती पुढे आली. दुसऱ्या, चांगल्या पायाचंही तेच केलं. तिथला खण निम्मा आला. हाही ढिलाच आहे, ते म्हणाले, जन्मापासून. आप्पांनी बैलाच्या गुडघ्याची गोष्ट काढली. तेव्हा सय्यद उठले, गोठ्यात गेले आणि आप्पांच्या पांढऱ्या बैलाच्या मागच्या पायावर हात ठेवला, त्या मागे वाकणाऱ्या जागी.

"हा गुडघा नाही, आप्पा. ही टाच. बैल जन्मभर बोटांवर चालतो." मग हात वर नेत नेत पोटाला टेकवला. "गुडघा इथं. आणि तो तुमच्या-माझ्यासारखाच पुढे वाकतो."

आप्पांनी त्या जागी स्वतःचा हात ठेवला. बैल पाय उचलून टाकेपर्यंत ठेवला.  इतकी वर्षं जिच्या मागे चाललो ती टाच होती, ही बातमी पचायला वेळ लागतो.

सय्यदांनी मग विचारलं, मागचे पाय खांबासारखे सरळ असलेला बैल तुम्ही कधी घेतलाय का. आप्पा म्हणाले, कधीच न्हाई, दोन वर्सांत मागनं लंगडतो. का लंगडतो? ते आप्पांना ठाऊक नव्हतं. त्याचा हा गुडघा वाकलेला राहत नाही, सय्यद म्हणाले, सरळ ताठतो. सगळा ताण आतल्या दोरीवर येतो आणि एक दिवस ती तुटते. मग सायबूकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बाजारात जो बैल सोडून देता ना, हा पोरगा त्याचा भाऊ आहे."

आप्पांनी विळा जाळातून काढून बाजूला टाकला. तो गार होईपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसले होते. ज्या खोडीवरून त्यांनी शेकडो बैल परत पाठवले, तीच खोड त्यांनी माणसात मात्र गुण म्हणून निवडली होती, केवळ चुकीच्या सांध्याकडे बघून.

नगरला हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. ते निघालं तेव्हा पौष सरत आला होता. पाय बारीक झालेला, पण सरळ. चालता येत होतं, पोतं उचलता येत होतं, सायकलही मारता येत होती. फक्त त्या पायावर गर्रकन वळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दोरी गेलीच आहे. पुन्हा तसा झटका बसला तर आतली गादीही फाटेल, मग पाय ओढत चालावं लागेल. सायबूनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर वजनकाट्याच्या खोलीची स्वप्नं पुन्हा सुरू केली. त्याचं म्हणणं, एकदा कायम झालो की पाय मोडला तरी खुर्चीत बसूनच काम करायचंय. आम्हालाही ते पटलं. हुतूतूत वळल्याशिवाय परत येता येत नाही ही गोष्ट सात जणांपैकी एकानंही काढली नाही.

कोपरगावला गोदावरीच्या काठी मैदान आखलं होतं. खुर्च्या, कनात, कर्णा. साहेब टोपी घातलेले, हातात वेताची काठी. सामन्याआधी गडी बघायला आमच्या ओळीपाशी आले. सायबू मधे, गुडघे मुद्दाम किंचित वाकवून उभा. साहेबांनीच बोलावलं म्हणून आप्पाही आले होते.  साहेबांनी सायबूकडे काठी दाखवून विचारलं, काय आप्पा, हा कसा आहे.

भोवती पाचशे माणूस असेल. माझ्या आठवणीत ते पाच हजार आहे. आप्पांनी फेटा सारखा केला. सायबू त्यांच्याकडे बघत होता, कसा बघत होता ते मी लिहू शकत नाही. आप्पा मोठ्यानं म्हणाले, "गडी सोन्याचा हाय. पन उजवा पाय वळनावर टिकनार न्हाई. पारख माजी चुकली."

 सायबू म्हणाला, खोटं हाय सायेब. आणि त्यानं चालून दाखवलं. सरळ, छाती काढून, कनातीपर्यंत. पाय आपटून दाखवला. मला पाठीवर घेतलं आणि तसाच सगळ्यांसमोरून चालत गेला. त्याच्या खांद्यावरून मला त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. कुठंही लंगड नाही. ज्याला माहीत नाही त्याला आप्पांची कुचकी जीभच दिसावी, इतका तो चोख चालला. साहेबांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा आप्पांकडे पाहिलं. चार तालुक्यांचा शब्द एका बाजूला, पोराची चाल दुसऱ्या बाजूला. मग ते पुढच्या गड्याकडे गेले.

लोक काय काय बोलले. म्हाताऱ्याला पोराचं बरं बघवलं नाही. कुणाकडून तरी सुपारी घेतली. आमच्या गावात तर आप्पांच्या ओट्यावर बसणं लोकांनी सोडलं. आप्पांनी कुणाला खुलासा दिला नाही. बाजारात जात राहिले, मात्र बैलाच्या मागे पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे आणि हात पोटाशी, वर ठेवायचे. सायबू वजनकाट्यावर कधीच गेला नाही. गव्हाणीवर अजून काही हंगाम काढले, मग उसाची बैलगाडी हाकली, मग दुसऱ्याचा ट्रॅक्टर. त्या पायावर तो पन्नास वर्षं चालतोय. आप्पा जाईपर्यंत, आणि नंतरही, चावडीवर, लग्नात, दहाव्याला, जिथं चार माणसं भेटतील तिथं तो सांगत आला की दगडूआप्पानं माझं वाटोळं केलं. नाहीतर आज पेन्शन खात बसलो असतो. लोक माना डोलावतात. मी तिथं असलो की दुसरीकडे बघतो.

कारण त्या दिवशी कोपरगावहून परतताना आम्ही दोघंच एसटीत मागच्या बाकावर होतो. बाकीचे राखीव गडी घेऊन सामना खेळायला थांबले होते. दुपारचं ऊन खिडकीतून आडवं येत होतं, दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि बसमध्ये सगळीकडे धूळ. कुणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर सायबूनं उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून समोरच्या बाकाखाली सरळ ठेवला. मला पाठीवर घेऊन चालल्यानं गुडघा पुन्हा भरत आला होता. बराच वेळ तो त्यावर तळवा ठेवून बसला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता चार गावं म्हनत्याल, म्हाताऱ्यानं पोराचं वाटोळं केलं. म्हनू दे. मी बी म्हननार, जनमभर म्हननार."

बस एका खड्ड्यातून गेली. त्यानं डोळे मिटून घेतले, उघडले.

"तू म्हनू नगंस," तो म्हणाला.